विद्यापीठाच्या धोरण संशोधन केंद्रात प्राध्यापकांखेरीज कोण काम करतं? पीएचडी नसताना तिथे जावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही अर्थशास्त्रात एम.ए. केलंय. विद्यापीठातल्या एका सार्वजनिक धोरण संशोधन केंद्राने तुम्हाला दोन वर्षांच्या करारावर संशोधन सहायक म्हणून बोलावलंय आणि त्याच वेळी एका कंपनीत कायम नोकरीही मिळतेय. केंद्राची माहिती काढलीत तेव्हा वर सगळी प्राध्यापकांची नावं दिसली आणि खाली लहान अक्षरांत वीस-पंचवीस जणांची 'कर्मचारी' अशी यादी. ही खालची माणसं दिवसभर करतात काय, आणि पीएचडी नसलेल्याला तिथे काही भवितव्य आहे की दोन वर्षं राबून बाहेर पडायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी त्या खालच्या यादीतली. बावीस वर्षांपूर्वी संशोधन सहायक म्हणून आले, मग क्षेत्रकामाची, म्हणजे लोकांकडे जाऊन माहिती गोळा करण्याच्या कामाची, पर्यवेक्षक झाले, त्यानंतर आठ वर्षं डेटा सांभाळला आणि आता केंद्रातल्या सगळ्या प्रकल्पांचं व्यवस्थापन बघते. पीएचडी केलेली नाही. त्यामुळे मी या विषयात त्रयस्थ नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

कोण काय करतं हे सांगणं सोपं आहे. त्यामागे तुम्हाला खरं विचारायचंय ते असं असावं: माझ्या कामाला तिथे वजन असेल का? याचं उत्तर पदाच्या नावावरून कळत नाही. मी स्वतः कुठल्याही केंद्राकडे बघताना एकच गोष्ट तपासते. तिथल्या सगळ्यांत कनिष्ठ माणसाला वाटलं की हा आकडा चुकतोय, तर अहवाल थांबतो का? थांबत असेल तर पद कुठलंही असो, तिथे शिकायला मिळतं आणि मानही मिळतो. थांबत नसेल तर मोठ्या नावाच्या केंद्रातही तुम्ही नुसते हातच राहाल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. केंद्राचा पैसा कुठून येतो, हे सगळ्यांत महत्त्वाचं. काहींकडे देणगीचा कायम निधी असतो आणि त्याच्या व्याजावर निदान मोजकी पदं टिकतात. बहुतेक केंद्रं मात्र प्रकल्पाच्या अनुदानावर चालतात. अनुदान संपलं की पद संपतं. दुसरं, विषय कुठला. कर, अंदाजपत्रक, व्यापार अशा विषयांत सरकारने आधीच गोळा केलेली आकडेवारी वापरतात, त्यामुळे सगळं काम संगणकासमोर. शाळा, आरोग्य, रोजगार म्हटलं की लोकांकडे जावं लागतं. तिसरं, आकार. चार माणसांच्या केंद्रात संशोधन सहायकच रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजणारं गणित) चालवतो आणि तोच चर्चासत्राची खोली राखून ठेवतो. चाळीस माणसांच्या केंद्रात तुम्हाला एक ठरावीक काम मिळतं आणि त्यात हात बसतो, पण बाकीचं दिसत नाही. तुमचं केंद्र यांतलं कुठलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढचं सगळं आपापल्या मापाने घ्या.

विद्यापीठातल्या केंद्राचं आणखी एक वेगळेपण आहे. प्राध्यापकांचं वर्ष सत्रांवर चालतं: शिकवणं, परीक्षा, विद्यार्थ्यांचे प्रबंध, स्वतःचे शोधनिबंध. केंद्राचं वर्ष अनुदानाच्या तारखांवर चालतं. ही दोन वेळापत्रकं कधीच जुळत नाहीत, आणि मधल्या फटीत जी माणसं उभी असतात ती म्हणजे कर्मचारी. प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात जातात, निवृत्त होतात, रजेवर जातात, पण काम चालू राहावं लागतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातली एक पाहणी १९६८ साली सुमारे ५,००० कुटुंबांतल्या १८,००० माणसांपासून सुरू झाली. त्याच कुटुंबांना, मग त्यांच्या वेगळ्या राहायला गेलेल्या मुलांना, मग नातवंडांना ती अजून विचारत आली आहे. १९९७ पर्यंत दरवर्षी, नंतर दर दोन वर्षांनी. त्या आकडेवारीवर हजारो शोधनिबंध निघाले. पण घर बदललेल्या माणसाचा नवा पत्ता शोधून काढणं, 'मागच्या वेळी तुमच्या आईशी बोललो होतो' म्हणून ओळख सांगणं, १९६८ चा प्रश्न आणि आजचा प्रश्न जुळतो का हे तपासणं, ही कामं पिढ्यान् पिढ्या कर्मचाऱ्यांनी केली. कुठलाही एक प्राध्यापक एवढा काळ टिकत नाही.

आता क्षेत्रकाम. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण अहवालाचा दर्जा इथेच ठरतो आणि नव्या माणसाला हेच सगळ्यांत कमी माहीत असतं.

न्यू जर्सी या अमेरिकेतल्या राज्याने १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढलं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांना वाढीच्या आधी आणि काही महिन्यांनी नंतर विचारलं, की तुमच्याकडे किती माणसं कामाला आहेत. वेतन वाढवलं की नोकऱ्या घटतात, ही तेव्हाची रूढ समजूत. त्यांना तशी घट सापडली नाही. १९९४ साली निबंध आला, त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आणि २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत कार्ड होते. क्रूगर त्याआधीच, २०१९ मध्ये, गेले होते. ही गोष्ट तुम्ही वर्गात ऐकली असेल. वर्गात सहसा न सांगितला जाणारा भाग असा, की दुसऱ्या फेरीत ३९ दुकानांशी फोनवर मुलाखत होऊ शकली नाही. त्यांनी एका मुलाखतकाराला त्या प्रत्येक दुकानापाशी प्रत्यक्ष पाठवलं. सहा दुकानं कायमची बंद झाली होती. एक आगीमुळे तात्पुरतं बंद होतं, एक रस्त्याच्या कामामुळे. दोन ठिकाणी नूतनीकरण चालू होतं. उरलेली २९ चालू होती आणि त्यांतल्या २८ जणांनी समोर बसून मुलाखत दिली.

ती ३९ दुकानं 'उत्तर मिळालं नाही' म्हणून सोडून दिली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. वेतन वाढल्यामुळे दुकानं बंद पडली का, हाच तर मुख्य प्रश्न. आणि बंद पडलेलं दुकान फोन उचलत नाही. तो मुलाखतकार गाडी घेऊन गेला नसता तर टीकाकारांना एका वाक्यात सगळा निबंध मोडीत काढता आला असता. नव्या सहायकांना मी हे पहिल्या आठवड्यात सांगते, कारण 'उरलेल्या थोड्यांसाठी कशाला एवढी धावपळ' हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पात कुणी ना कुणी विचारतोच.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. पर्यवेक्षक होऊन मला वर्षही झालं नव्हतं. घरोघरच्या एका पाहणीत एकेका मुलाखतीला साधारण पन्नास मिनिटं लागत होती. एका सर्वेक्षकाच्या मुलाखती मात्र पस्तीस मिनिटांत आटपत. शिवाय 'गेल्या वर्षभरात घरातलं कुणी उपाशी झोपलं का' या प्रश्नाला त्याच्या भागात जवळपास सगळीकडे 'नाही', आणि शेजारच्या तशाच वस्तीत दुसऱ्या सर्वेक्षकाला कितीतरी 'हो'. 'हो' आलं की पुढे अकरा उपप्रश्न होते, म्हणजे वेळेचा हिशेबही जुळत होता. मला वाटलं, हा घरी बसून फॉर्म भरतोय. रागातच मी एक दिवस त्याच्याबरोबर फिरले. तो प्रत्येक घरी जात होता. ओळख नीट करून देत होता, संमती घेत होता, घाई करत नव्हता. फक्त तो प्रश्न आला की मान खाली घालायचा आणि न विचारताच 'नाही' लिहायचा. संध्याकाळी मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, पोरं समोर बसलेली असतात. त्यांच्या देखत त्यांच्या आईला कसं विचारू?"

न विचारता उत्तर लिहिणं चूकच. त्याच्या सगळ्या मुलाखतींतला तो भाग आम्ही पुन्हा घेतला. पण त्या रात्री प्रश्नावली काढून बसले तेव्हा दिसलं, की तो प्रश्न आम्ही मुलाखतीच्या मध्यावर ठेवला होता, सगळं घर भोवती जमलेलं असताना, आणि तोही एकदम थेट. खोलीत बसून प्रश्न लिहिणाऱ्या आमच्यापैकी कुणालाही तो समोरच्याला विचारावा लागणार नव्हता. मग आम्ही तो भाग शेवटी नेला, घरातल्या बाईशी एकटीशी बोलायचं ठरवलं, आणि क्रम बदलला: आधी घरात पुरेल की नाही याची काळजी वाटली का, मग जेवणात काटकसर करावी लागली का, आणि त्यानंतर उपाशी राहण्याबद्दल. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने केलेली आठ प्रश्नांची मोजपट्टी पाहिली. तीही काळजीपासून सुरू होऊन दिवसभर उपाशी राहण्यापर्यंत अशीच चढत जाते. आम्ही मात्र ते त्या मुलाकडून शिकलो. तो आज आमच्याकडे सर्वेक्षकांना प्रशिक्षण देतो.

म्हणून सर्वेक्षकांवर लक्ष ठेवण्याच्या पद्धती शिकाल तेव्हा त्या केवळ चोर पकडायला आहेत असं मानू नका. आम्ही दहातल्या एका घरी दुसरा माणूस पाठवून काही प्रश्न पुन्हा विचारतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या तागाच्या पाहण्यांत याच्याही पुढची पद्धत आणली: एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने, दोन वेगवेगळ्या तुकड्या, आणि मग दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे. फरक पडला की कुठेतरी काहीतरी आहे एवढं कळतं. ते काय आहे हे कळायला मात्र दिवसभर बरोबर चालावंच लागतं.

प्रश्नावलीचं भाषांतर करणारी माणसं याच कामाचा भाग आहेत आणि त्यांची नावं अहवालात क्वचितच सापडतात. इंग्रजीतल्या 'हाउसहोल्ड'चं मराठीत 'कुटुंब' केलंत की परगावी नोकरीला असलेला मुलगा मोजला जातो आणि त्याच घरात राहणारा, तिथेच जेवणारा भाडेकरू सुटतो. 'एका चुलीवर जेवणारी माणसं' म्हटलं की लगेच कळतं. एवढ्या एका शब्दाने घरातल्या माणसांची संख्या बदलते, दरडोई खर्च बदलतो, आणि त्या खर्चावर बेतलेलं गरिबीचं प्रमाणही बदलतं. आमच्याकडे भाषांतर करणाऱ्या बाई प्रत्येक प्रश्न आधी परभाषेतून मराठीत करतात, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या कुणाकडून तो उलट करून घेतात, आणि दोन्ही समोर ठेवून भांडतात. त्यांचं भांडण मी कधी मोडत नाही.

डेटा सांभाळणाऱ्यांकडे येऊ. तुमचा पहिला काळ बहुधा इथेच जाईल. यात फाईली स्वच्छ करणं, कोड लिहिणं, कोडबुक (फाईलीतल्या कुठल्या रकान्याचा अर्थ काय, याची वही) ठेवणं, कुठल्या दिवशी कुठला बदल का केला याची नोंद ठेवणं आलं. कंटाळवाणं वाटतं, पण २०१३ सालची एक गोष्ट ऐका. त्याआधी तीन वर्षं कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी मांडलं होतं, की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं त्या देशांत वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्के होता. सरकारी खर्च कापावा म्हणणाऱ्यांनी हा आकडा जगभर वापरला. ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातलं काम म्हणून तोच निष्कर्ष पुन्हा काढून बघत होता आणि त्याला तो येईना. त्याने मूळ लेखकांकडे एक्सेलची फाईल मागितली, त्यांनी दिली. सरासरीच्या सूत्रातून ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. त्याखेरीज काही देशांची काही वर्षं वगळली होती, आणि कुठल्या देशाला किती वजन द्यायचं हा वादाचा मुद्दा होताच. हे सगळं बदलल्यावर सरासरी आली २.२ टक्के. मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या त्याच्या प्राध्यापकांबरोबर त्याने हे त्याच विद्यापीठाच्या राजकीय अर्थशास्त्र संशोधन केंद्रातून प्रसिद्ध केलं. मूळ लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली. कर्ज वाढतं तशी वाढ मंदावते, हे आपलं मत मात्र सोडलं नाही.

या गोष्टीतून लोक बहुधा एक्सेलबद्दलचा धडा घेतात. मला त्यातलं दुसरं महत्त्वाचं वाटतं. एका विद्यार्थ्याने 'मला हा आकडा मिळत नाही' म्हटल्यावर त्याच्या प्राध्यापकांनी 'तूच कुठेतरी चुकला असशील' म्हणून विषय मिटवला नाही. पुन्हा तपासायला लावलं, स्वतः तपासलं, आणि निबंधावर त्याचं नाव पहिलं आलं. असं केंद्र शोधा.

आमच्याकडेही असा एक प्रसंग आला, आणि त्याची किंमत कुणी मोजली हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. नोकरीला सात महिने झालेल्या एका सहायक मुलीला दिसलं, की आमच्या तक्त्यातली एकूण लोकसंख्या अधिकृत आकड्यापेक्षा थोडी जास्त येते. प्रशासकीय सीमा मधल्या काळात बदलल्या होत्या, आणि भागांचे जुने क्रमांक असलेल्या फाईलीला नवी फाईल जोडताना दोन भाग दोनदा मोजले गेले होते. ज्या विभागाने काम दिलं होतं त्याला अहवाल चार दिवसांनी सादर व्हायचा होता. तिने एका पानाचं टिपण लिहून थेट संचालकांना दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि सादरीकरण पुढे ढकललं. पाच आठवडे गेले. निष्कर्षाची दिशा तीच राहिली, पण परिणाम आधीच्या सुमारे दोन तृतीयांशच निघाला. विभाग नाराज झाला, आणि पुढच्या टप्प्याचे पैसे चार महिने उशिरा आले. त्या चार महिन्यांत आमच्या दोन सर्वेक्षकांचे करार संपले आणि ते वाढवायला पैसे नव्हते. त्या दोघांचा चुकीशी काहीही संबंध नव्हता. खरेपणाचं श्रेय केंद्राला मिळालं आणि नुकसान त्या दोघांच्या घरी गेलं. त्यांतला एक परत आला नाही. मला ते आजही टोचतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक अनुदानातला जो भाग केंद्राच्या सामायिक खर्चासाठी येतो, त्यातून राखीव निधी बाजूला काढायला लागलो, म्हणजे दोन प्रकल्पांच्या मधे सहा महिने पगार चालू ठेवता येतात. हे घडवून आणलं आमच्या लेखा अधिकाऱ्यांनी. अनुदानाचा हिशेब बघणाऱ्या माणसाला संशोधनातलं काय कळतं, असं नव्या मुलांना वाटतं. प्रत्यक्षात अंदाजपत्रकात पुनर्तपासणीसाठी वेगळी ओळ आहे की नाही, सर्वेक्षकांचा प्रवास आणि विमा धरलाय की नाही, भाषांतराला पैसे आहेत की ते फुकटात करून घ्यायचंय, हे तिथे ठरतं. पैसे नसले तर कितीही चांगली पद्धत कागदावरच राहते. चांगला लेखा अधिकारी प्रस्ताव पाठवण्याआधीच सांगतो, की एवढ्या पैशांत एवढी घरं होणार नाहीत, एक तर घरं कमी करा नाही तर प्रश्न.

आचारनीती समितीचं काम बघणारी व्यक्तीही केंद्रात असते, किंवा विद्यापीठाच्या समितीशी बोलणारी. संमतिपत्र, नावं वेगळी करून ठेवणं, फाईलींना कुलूप. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरचे उपचार न देता नुसतं बघत बसले, ते उघड झाल्यावर १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. आजच्या नियमांची मुळं बरीचशी तिथे आहेत. फॉर्म भरताना कंटाळा आला की हे आठवा.

संपादक आणि संवाद बघणाऱ्यांबद्दल थोडक्यात: साठ पानांच्या अहवालाचं चार पानांचं धोरण-टिपण तेच करतात, आणि अधिकारी वाचतो ती तीच चार पानं. 'संबंध आढळला' याचं 'कारण आढळलं' होऊ न देणं, ही त्यांची मोठी जबाबदारी. संचालक बहुधा प्राध्यापक असतात आणि त्यांचा बराच वेळ पैसे आणण्यात जातो. ते आकडे किती बघतात यापेक्षा वाईट बातमी घेऊन त्यांच्या दारात जायला लोक किती घाबरतात, यावरून मी त्यांना जोखते.

आता तुमचा पीएचडीचा प्रश्न. इथे मी गोड बोलणार नाही. विद्यापीठात प्राध्यापक आणि इतर यांच्यामधली भिंत खरी आहे. स्वतंत्रपणे प्रश्न ठरवायचा असेल, स्वतःच्या नावाने अनुदान मागायचं असेल, तर बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते. तुमच्या मनात तेच असेल तर ही दोन वर्षं उत्तम तयारी आहे. अर्थशास्त्रात तर आता पीएचडीआधी दोन वर्षं अशी नोकरी करण्याची रीतच पडत चालली आहे. पीएचडीच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाने तुमचं काम प्रत्यक्ष बघितलेलं असतं, हा त्याचा मोठा फायदा.

पीएचडी करायची नसेल तरी मार्ग आहे, आणि माझ्या सुरुवातीच्या काळापेक्षा तो आता रुंद आहे. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी गरिबीवरच्या प्रयोगांसाठी केंद्र काढलं. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं नोबेल मिळालं. त्या धाटणीच्या संशोधनात शेकडो गावं, हजारो घरं आणि वर्षानुवर्षांच्या फेऱ्या असतात. ते एकट्या प्राध्यापकाच्या आवाक्यातलं नाही. त्यामुळे क्षेत्र व्यवस्थापक, संशोधन व्यवस्थापक, डेटा व्यवस्थापक ही स्वतंत्र व्यवसायाची पदं झाली आणि त्यांतली माणसं एका केंद्रातून दुसऱ्यात, सरकारी सांख्यिकी खात्यांत, मोठ्या संस्थांत जातात. तरीही सगळीच केंद्रं ही वाट देत नाहीत. काही ठिकाणी दर दोन वर्षांनी नवी मुलं घेतात आणि जुनी सोडतात. तिथे कौशल्य साठत नाही, आणि त्याच चुका दर दोन वर्षांनी नव्याने होतात.

कंपनीची नोकरी की केंद्र, हे मी ठरवू शकत नाही. घरची जबाबदारी तुमच्यावर असेल आणि दोन वर्षांनंतरची अनिश्चितता पेलणार नसेल, तर कायम नोकरी घ्या. त्यात कमीपणा काही नाही, आणि कोड लिहिण्याचा सराव तिथेही होतो. अनिश्चितता पेलण्याजोगी असेल आणि एखादा आकडा खरा आहे की नाही या प्रश्नाने तुम्हाला झोप लागत नसेल, तर केंद्रात या.

पण सही करण्याआधी काही गोष्टी विचारा, आणि शक्यतो प्राध्यापकांखेरीज तिथे सध्या काम करणाऱ्या एखाद्या सहायकालाही विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांत एखादा अहवाल चुकीमुळे थांबवला किंवा दुरुस्त केला का, आणि ती चूक कुणी दाखवली? 'आमच्याकडे असं कधी झालंच नाही' असं उत्तर आलं तर मी सावध होईन, कारण आकड्यांचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असं होतं. मागचे सहायक आता कुठे आहेत? सर्वेक्षकांना थेट केंद्र नेमतं की मधल्या एजन्सीकडून घेतं? निबंधावर किंवा अहवालावर नाव कधी येतं, याचा काही लिहिलेला नियम आहे का? तोंडी 'बघू की' म्हणतात तिथे नंतर वाईट वाटून घ्यायची वेळ येते. तुम्हाला क्षेत्रावर पाठवणार का, की दोन्ही वर्षं संगणकासमोर? पाठवणार नसतील तर निदान दोन आठवडे तरी पाठवा असं मागा. ज्याने एकही मुलाखत घेतली नाही तो पुढे पन्नास वर्षं आकडेवारी हाताळेल, पण रिकामा रकाना दिसल्यावर तिथे काय घडलं असेल हे त्याला सुचणार नाही.

त्यांचे मागचे दोन अहवाल मिळवा आणि आभाराचं पान आधी वाचा. सर्वेक्षक, भाषांतरकार, डेटा बघणारे यांची नावं एकेक करून दिलीत की 'आमच्या सर्व सहकाऱ्यांचे आभार' एवढ्यावर भागवलंय, ते बघा. मग पद्धतीचं परिशिष्ट उघडा आणि किती घरांनी उत्तर दिलं नाही, त्यांचं पुढे काय केलं, हे लिहिलंय का ते शोधा. करारात मुदतवाढ कोण ठरवतं आणि किती आधी कळवतात, तेही बघा. यातलं काय सापडलं ते इथे लिहिलंत तर त्या केंद्राबद्दल मला आणखी नेमकं सांगता येईल.